पहाटेचे स्तोत्र, दहाचा तास

ख्रिस्ती ईशज्ञानाच्या विद्यार्थ्याचे पाठ्यपुस्तक आणि त्याचे प्रार्थनेचे पुस्तक एकच असते, आणि त्याच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला अभ्यासाच्या झाडापुढे रोज पहाटे हात जोडावे लागत नाहीत (तुळशीचा अपवाद सोडून देऊ). या विद्यार्थ्याला मात्र सकाळी ज्या ओळींनी प्रार्थना करायची, त्याच ओळी दहाच्या तासाला टेबलावर घेऊन उलगडायच्या असतात: कोणी लिहिल्या, कधी लिहिल्या, मागाहून त्यांत कोणी काय घातले. संध्याकाळी पुन्हा त्याच ओळी, पुन्हा हात जोडून.

पुण्याला विद्येचे माहेरघर म्हणताना सेमिनऱ्या सहसा कोणाच्या मनात येत नाहीत. प्रत्यक्षात देशाच्या कानाकोपऱ्यातून ईशज्ञान शिकायला मुले इथे येतात. पोप लिओ तेरावे यांनी १८९३ मध्ये तेव्हाच्या सिलोनमधल्या कँडीला स्थापन केलेली पेपल सेमिनरी १९५५ मध्ये पुण्याला आली. नगर रस्त्यावर तिच्या शेजारी ज्ञानदीप ही अध्यापनाची संस्था आहे. प्रॉटेस्टंटांची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये बिबवेवाडीला हलली. प्रॉटेस्टंट सेमिनऱ्यांपैकी बऱ्याच ठिकाणची बी. डी. ही पदवी बंगालमधल्या सेरामपूरच्या नावाने मिळते. तिथले कॉलेज १८१८ चे, आणि पदव्या देण्याचा अधिकार त्याला १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने दिला, कारण तेव्हा ते गाव डॅनिश ताब्यात होते. त्या कॉलेजच्या संस्थापकांपैकी विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले होते. मराठी गावातून सेरामपूरची पदवी घ्यायला निघालेला विद्यार्थी त्या अर्थाने अगदीच परक्या दारात जात नाही.

कॅथलिक विद्यार्थ्याचा रस्ता लांबचा. चर्चच्या १९८३ च्या कायद्याप्रमाणे तत्त्वज्ञानाची दोन आणि ईशज्ञानाची चार अशी किमान सहा वर्षे पूर्ण अभ्यासाची असतात. त्याआधी तयारीचा काळ, आणि मध्ये बहुधा एखादे वर्ष शाळेत किंवा मिशन केंद्रावर प्रत्यक्ष काम. वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होण्याआधी सहसा याजकीय दीक्षा मिळत नाही. बारावीनंतर घरातून निघालेल्या मुलाच्या बरोबरीची मुले नोकरीला लागतात, त्यांची लग्ने होतात, आणि हा अजून सबमिशनच्या तारखा मोजत असतो. प्रॉटेस्टंट सेमिनरीतले चित्र निराळे आहे. तिथे स्त्रियाही शिकतात आणि काही विद्यार्थी बायकामुलांसह राहतात. हिब्रूच्या परीक्षेच्या आदल्या रात्री पोराला ताप येणे ही तिथली नेहमीची कथा.

कॅथलिक सेमिनरीतला दिवस घंटेवर चालतो. साडेपाच-सहाला पहिली घंटा, मग मनन, सकाळची प्रार्थना, मिस्सा (प्रभुभोजनाचा विधी), नाश्ता आणि तास. दुपारी थोडी झोप, त्यानंतर अंगमेहनत: बागेला पाणी, व्हरांडा झाडणे, संडास धुणे, आणि आळीपाळीने मेसची कामे. केरळचा भात, झारखंडचा भात आणि मिझोरामचा भात हे तीन वेगळे पदार्थ आहेत हे इथल्या स्वयंपाकघरात सहज कळते, आणि मेस समितीवर काम केलेला विद्यार्थी पुढे धर्मग्रामातली (पॅरिशमधली) भांडणे बरी मिटवतो असा जुन्या फादरांचा अनुभव आहे. संध्याकाळी फुटबॉल किंवा व्हॉलीबॉल, मग अभ्यास, सायंप्रार्थना, जेवण आणि झोपण्यापूर्वीची छोटी प्रार्थना. मोबाइलवर मर्यादा असते. ती कशी ओलांडायची याची विद्या ज्येष्ठांकडून कनिष्ठांकडे जाते, पण ती अभ्यासक्रमात नाही.

या दिनक्रमातला ताण नेमका कुठे आहे हे एका स्तोत्रावरून दिसते. कॅथलिक प्रार्थनाविधीत दर शुक्रवारी सकाळी ५१ वे स्तोत्र म्हणतात. ते पश्चात्तापाचे स्तोत्र आहे. बायबलमध्ये त्याच्या माथ्यावर टीप आहे की बथशेबेशी केलेल्या व्यभिचारानंतर नाथान संदेष्टा दावीद राजाकडे आला, त्या वेळचे हे स्तोत्र. विद्यार्थी आपल्या आठवड्याच्या चुका आठवत ते म्हणतो. त्याच दिवशी वर्गात जुन्या कराराचे प्राध्यापक शेवटच्या दोन ओळींवर बोट ठेवतात. तिथे यरुशलेमचा तट पुन्हा बांधण्याची विनवणी आहे. दावीदाचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे १००० वर्षांचा. तट पडला तो बाबिलोनच्या फौजेने इसवी सनापूर्वी ५८७ च्या सुमारास शहर उद्ध्वस्त केले तेव्हा. शिवाय थोडेसेच आधी देवाला यज्ञबली नको असे म्हटलेले आहे, आणि शेवटी वेदीवर बैल अर्पण करण्याची भाषा आहे. म्हणून पुष्कळ अभ्यासक या शेवटच्या ओळी मागाहून जोडलेल्या मानतात. माथ्यावरची टीपही नंतरच्या संपादकांची समजतात.

पुढच्या शुक्रवारी तेच स्तोत्र पुन्हा येते. दावीद डोळ्यांपुढे आणावा की आणू नये, असा प्रश्न त्या पहाटे विद्यार्थ्याला पडतो. तो हास्यास्पद वाटेल, पण पडणाऱ्याला तो झोंबतो. काही जण वर्गातले वर्गात आणि चॅपेलमधले चॅपेलमध्ये ठेवायला शिकतात. उत्तरपत्रिकेत दोन लेखक, ओठांवर एकच दावीद. असे विद्यार्थी चांगल्या गुणांनी पास होतात. ही तडजोड सोयीची असते, पण फार टिकत नाही, कारण पुढे प्रवचन करताना कुठला दावीद घ्यायचा हे ठरवावेच लागते. उलट काहींना टीकाशास्त्राची झिंग चढते. प्रार्थनेत सगळे म्हणत असताना ते मनात तळटीपा लावत बसतात. चांगला प्राध्यापक असेल तर तो इथे तिसरी गोष्ट दाखवतो: ज्यांचे शहर मोडले त्या लोकांनी एका माणसाच्या पश्चात्तापाचे गाणे घेतले आणि त्याला आपल्या पडक्या भिंतींची विनवणी जोडली. म्हणजे वर्गाने स्तोत्रातला दावीद काढून घेतला असे वाटत असताना, ते म्हणणाऱ्यांची एक पिढीच्या पिढी विद्यार्थ्याच्या हाती दिलेली असते. हे कळायला एखादे सत्र लागते, काहींना सगळी वर्षे लागतात, आणि वेळापत्रकात यासाठी वेगळा तास नसतो.

ग्रीक भाषेचा तास मात्र भरपूर असतो. नव्या कराराची ग्रीक शिकवणारी बहुतेक पुस्तके ‘सोडणे’ या अर्थाच्या एकाच धातूने सुरू होतात. त्यामुळे पहिल्या सत्रात आंघोळीच्या रांगेत, मेसच्या रांगेत, बादली भरेपर्यंत, सगळीकडे ‘ल्युओ, ल्युएइस, ल्युएइ’ चालू असते. शाळेत ‘रामः रामौ रामाः’ घोकलेल्या मराठी मुलाला त्यात ओळखीचे काही सापडते. द्विवचन नाही म्हणून तो सुटकेचा श्वास टाकतो आणि भूतकाळाच्या रूपांपाशी आल्यावर पुन्हा अडकतो. हिब्रू त्याहून अवघड: उजवीकडून डावीकडे वाचायचे, बावीस अक्षरे, आणि स्वरांसाठी खाली-वर टिंबे आणि रेघा. या दोन्ही भाषांशी पंडिता रमाबाई उतारवयात झुंजल्या. संस्कृतचे पाठबळ त्यांच्यापाशी होते, सेमिनरी नव्हती. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे काम त्यांनी अखेरपर्यंत केले. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. ग्रीकच्या पहिल्या चाचणीत नापास होऊन कुरकुरणाऱ्याला प्राध्यापक हे उदाहरण हमखास ऐकवतात, आणि त्याचा उपयोग अशा उदाहरणांचा होतो तेवढाच होतो.

शुभवर्तमानांच्या अभ्यासात रंगीत पेन्सिली लागतात. मत्तय, मार्क आणि लूक यांचे उतारे शेजारी-शेजारी तीन स्तंभांत छापलेले असतात. तिघांत सारखे असलेले शब्द एका रंगाने, दोघांत असलेले दुसऱ्याने, एकट्याचे तिसऱ्याने अधोरेखित करायचे. पेरणाऱ्याचा दाखला असा रंगवून झाला की पान बोलू लागते. मार्कचा बहुतेक मजकूर मत्तयात आहे, पण मत्तयाने त्याचे वाक्य कुठे आटोपशीर केले, कुठे मार्कने सांगितलेली शिष्यांची फजिती सौम्य केली, हे हाताखाली दिसते. पुस्तकातला सिद्धांत वाचून पटत नाही ते पेन्सिलीने पटते. याच अभ्यासात हेही समजते की मार्कच्या शेवटच्या बारा ओळी चौथ्या शतकातल्या दोन जुन्या हस्तलिखितांत नाहीत. रविवार शाळेत त्या तोंडपाठ केलेल्या विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर तेव्हा काय येते, ते अनुभवी प्राध्यापक पाहत असतात.

अशा काळात मन मोकळे करायला आध्यात्मिक मार्गदर्शक असतो. सेमिनरीचा प्रमुख, म्हणजे रेक्टर, दरवर्षी विद्यार्थ्याचे मूल्यमापन करतो, पण विद्यार्थ्याला दीक्षा द्यावी की नाही हे ठरवताना मार्गदर्शकाचे किंवा पापनिवेदन ऐकणाऱ्या याजकाचे मत विचारायला चर्चचा कायदा मनाई करतो. ही तरतूद फार शहाणपणाची आहे. तिच्याशिवाय कोणी शंका उच्चारलीच नसती. सोडून जाणारेही असतात. पूर्वी अशा मुलाला गावात तोंड दाखवणे जड जाई, आता तेवढे नाही. अर्धवट सोडण्याचा एक थोर नमुना इतिहासाच्या तासाला भेटतो: मध्ययुगातला ईशज्ञानी थॉमस अक्वायनस. डिसेंबर १२७३ मध्ये त्याने लिहिणे अचानक थांबवले आणि आपला प्रचंड ग्रंथ अपुरा ठेवला. हा प्रसंग विद्यार्थ्यांना विशेष प्रिय आहे, मुख्यतः निबंध अपुरा राहिल्यावर दाखला म्हणून.

पुण्यातल्या शिक्षणाची एक खास बाजू म्हणजे भारतीय तत्त्वज्ञान. बेल्जियमहून आलेले जेझुइट रिचर्ड डी स्मेट यांनी शांकर वेदान्ताचा अभ्यास करण्यात आणि तो इथल्या विद्यार्थ्यांना शिकवण्यात हयात घालवली. फ्रेंच जेझुइट देलरी यांचे विठ्ठल संप्रदायावरचे पुस्तक १९६० मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केले. जर्मन जेझुइट मॅथ्यू लेदर्ले यांनी आधुनिक महाराष्ट्रातल्या तत्त्वविचारांवर ग्रंथ लिहिला. परदेशी माणसांनी विठोबाकडे इतक्या निरखून पाहावे आणि वसईच्या किंवा नगरच्या ख्रिस्ती मुलाने इंग्रजी पुस्तकातून ते वाचावे, हा उलटा प्रवास विचित्र आहे खरा. भारतीय संदर्भाचा दुसरा धागा जातीचा आहे: १९८१ मध्ये बंगळूरुला अरविंद निर्मळ यांनी शूद्रांच्या ईशज्ञानाची मागणी मांडली, आणि दलित ईशज्ञानाची चर्चा तिथून वाढली. ती वाचताना काही विद्यार्थ्यांना प्रथमच आपल्या आजोबांची गोष्ट अभ्यासक्रमात दिसते.

शिकणे इंग्रजीत आणि बोलणे मराठीत, ही अडचण प्रवचनाच्या वर्गात उघडी पडते. विद्यार्थी सोबत्यांपुढे उभा राहतो, ते कागदावर शेरे लिहितात. शेरे निर्दय असतात: ‘तात्पर्य हेच की’ चार वेळा आले, तात्पर्य कळले नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०२४ मध्ये प्रवचन आठ मिनिटांत संपवावे असे सांगितले, आणि नव्या प्रवचनकाराला आठ मिनिटे भरणे आणि आठ मिनिटांत थांबणे दोन्ही सारखेच कठीण जाते. मराठी ख्रिस्ती विद्यार्थ्याच्या मदतीला इथे ना. वा. टिळकांचे अभंग येतात. चर्चमध्ये ते लोकांच्या कानांत बसलेले असतात, त्यामुळे एखादे सूत्र समजावण्यापेक्षा त्याकडे नेणारा अभंग धरला की ऐकणारे सोबत येतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’नेही ही वाट पुष्कळ सोपी केली.

शनिवार-रविवार कामाचे असतात: वस्तीतली मुले, वृद्धाश्रम, तुरुंग, सरकारी रुग्णालयाचा वॉर्ड. ‘देव चांगला असेल तर दुःख का?’ या प्रश्नावर नुकतेच चांगले गुण मिळवलेला विद्यार्थी खाटेशेजारच्या स्टुलावर बसतो. रुग्णाची बायको तोच प्रश्न विचारते, त्याने वाचलेल्या कोणत्याही शब्दांत नाही. तो उत्तर जुळवत असतानाच ती औषधांची चिठ्ठी पुढे करते, ‘ब्रदर, एवढे खालून आणून देता का?’ तो जिने उतरतो. अशा भेटींवर नंतर अहवाल लिहून वर्गात चर्चा करायची असते, आणि त्या अहवालात कोणी काय बोलले हे शब्दशः मांडावे लागते. आपण किती बोललो हे कागदावर दिसले की पुष्कळांची पुढची भेट सुधारते.

शेवटच्या वर्षी विधींचा सराव असतो. बाप्तिस्म्यासाठी बाहुली, मिस्सेसाठी रिकामा प्याला. पापनिवेदन ऐकण्याच्या तोंडी परीक्षेत प्राध्यापकच पापी होऊन समोर बसतात आणि कठीणातली कठीण प्रकरणे रंगवून सांगतात. तिथे हसू आवरणे ही वेगळी परीक्षा असते. त्यानंतर चार वर्षांच्या सगळ्या विषयांवरची तोंडी परीक्षा, डीकनची (याजकपदाआधीच्या पायरीची) दीक्षा, किमान सहा महिन्यांचे अंतर, आणि याजकीय दीक्षा. मोजके जण पुढच्या पदव्यांसाठी पुण्यातच थांबतात किंवा रोमला जातात. बाकीच्यांना बिशपांचे नेमणुकीचे पत्र येते. ग्रीकचे व्याकरण कनिष्ठाला देऊन टाकले जाते, आणि धातूंची रूपे सगळ्यांत आधी विसरतात. पहिल्या धर्मग्रामात नव्या साहाय्यक फादरच्या वाट्याला साधारणपणे युवकगट, रविवारचे धर्मशिक्षणाचे वर्ग आणि बाप्तिस्म्याची नोंदवही येते.