उठू देणारा खेळ

2025 साली गोव्यात शाळेची घंटा 7 एप्रिललाच वाजली. सहावी ते दहावी आणि बारावीचे नवे वर्ष जूनची वाट न पाहता सुरू करायचे, असे सरकारने ठरवले होते. एवढ्या उन्हात मुलांना घराबाहेर काढायचे कसे, म्हणून पालक चिडले आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. वर्ग मात्र भरले. सकाळचेच, मध्यान्हाआधी सुटणारे. त्याआधी मार्च 2023 मध्ये उष्णतेच्या लाटेचा इशारा आला, तेव्हाही शाळा बाराच्या आत सोडाव्या लागल्या होत्या. दोन्ही वेळी बोलणे झाले ते सकाळच्या तासांबद्दल. दप्तर कोपऱ्यात टाकल्यावर पुढचे चार तास मूल काय करते, याकडे फारसे कोणी वळले नाही.

गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत हे चार तास लांबच लांब असतात. हवामान खाते मैदानी भागात 40 अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू करते, किनारपट्टीवर 37 पासूनच. किनाऱ्याची हवा दमट. घाम सुटतो पण वाळत नाही, त्यामुळे आकडा लहान दिसला तरी जीव तितकाच कासावीस होतो. काजूचा हंगाम सरत आलेला असतो. अंगणात सोलं वाळत असतात, हरमलची मिरची चटईवर पसरलेली असते. सकाळची पेज केव्हाच जिरलेली, जेवणे आटोपलेली, बाजारातली बरीच दुकाने बंद, आणि घरातली मोठी माणसे पंख्याखाली आडवी झालेली. डिचोलीच्या खाणपट्ट्यात ही दुपार एकेकाळी खनिजाच्या ट्रकांची आणि लाल धुळीची होती. 2012 मध्ये खाणी थांबल्या, मधे काही काळ चालल्या, 2018 च्या मार्चात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद पडल्या. शिरगाव, मये, पिळगाव अशा गावांत मग काही वर्षे दुपारी पानांची सळसळ ऐकू येत होती. त्या शांततेपायी अनेक घरांची मिळकत गेली, हेही तिथला माणूस विसरत नाही.

अशा दुपारी पडवीतल्या सोप्यावर पडलेल्या मुलाच्या हातात आज मोबाइल असतो. तो काढून घ्यावा की राहू द्यावा, यावर घरोघर वाद आहेत. त्या वादात एक प्रश्न मागे पडतो: मुलगा खेळतोय ते नेमके काय? सगळे खेळ एका मापाने मोजता येत नाहीत. उन्हाळ्याच्या दुपारी चालेल असा खेळ कोणता आणि तो का, हे पाहायला हवे, कारण दुपार जाणार आहे ती त्याच्याच सोबतीने.

उन्हात डोके चालत नाही ही तक्रार खरी आहे. 2016 च्या उन्हाळ्यात बोस्टनमध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी 44 तरुण विद्यार्थ्यांच्या रोज चाचण्या घेतल्या. काहींच्या खोल्या वातानुकूलित होत्या, काहींच्या नव्हत्या. उष्णतेच्या लाटेत तापलेल्या खोलीत झोपणाऱ्यांना एका चाचणीत उत्तर द्यायला 13 टक्क्यांहून अधिक वेळ लागला. ही सारी धडधाकट, विशीच्या आसपासची मुले होती. तेव्हा दुपारी दोन वाजता पत्र्याखाली बसलेल्या मुलाकडून चपळाईची अपेक्षा करणारा खेळ त्याला विसावा देत नाही, दमवतो.

आणि सर्वांत लोकप्रिय खेळ नेमके तसेच आहेत. पबजीवर सप्टेंबर 2020 मध्ये बंदी आली, जुलै 2021 मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने परत आला. 2019 मध्ये गोव्याचे तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनी त्याला घराघरांत शिरलेल्या राक्षसाची उपमा दिली होती. उपमा जड वाटेल, पण ज्या घरात डाव अर्ध्यावर असताना जेवायला हाक मारली गेली आहे, तिथे ती पटते. शंभर खेळाडूंचा डाव अर्धा तास चालतो. मधूनच उठावे तर गटातले मित्र रागावतात. बसल्या जागी मुलाचे खांदे आखडतात, श्वास वरवर होतो. फोनही तापतो. ॲपल आपला आयफोन 0 ते 35 अंशांच्या हवेत वापरायला सांगते. मे महिन्यातली पडवी ती मर्यादा सहज गाठते. त्यात भरगच्च त्रिमितीय चित्रे सतत काढावी लागली की फोन स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरची गती कमी करतो, पडदा मंद करतो, आणि बॅटरीचे आयुष्य घटते ते वेगळेच.

मग हलके खेळ बरे म्हणावेत, तर तिथेही सगळे सरळ नाही. कँडी क्रश 2012 पासून आहे. रंगीत गोळ्या जुळवायच्या, डोके शिणवायचे नाही. पण त्यात पाचच जीव मिळतात आणि गमावलेला प्रत्येक जीव भरायला तीस मिनिटे लागतात. ती तीस मिनिटे मूल आराम करत नाही, घड्याळ पाहते, नाहीतर पैसे मागते. 2009 मध्ये फेसबुकवर आलेल्या फार्मव्हिलने तर जगभरच्या लोकांना रात्री उठून न दिसणाऱ्या मातीतले पीक कापायला लावले. वेळेवर कापणी केली नाही तर पीक सुकून जाई. कष्ट काहीच नव्हते, नुसते टिचकी मारणे होते. तरी खेळाची पकड मानेवर असे. 31 डिसेंबर 2020 रोजी तो खेळ बंद झाला. पकडीची युक्ती मात्र पुढच्या कितीतरी खेळांनी उचलली.

म्हणून सोपेपणा ही कसोटी पुरी पडत नाही. हाक आली तर खेळ उठू देतो का, आणि परत आल्यावर गैरहजेरीचा दंड करतो का, हे पाहावे लागते.

या कसोटीवर फार्मव्हिलशेजारी ठेवून पाहण्यासारखा खेळ म्हणजे स्टारड्यू व्हॅली. एरिक बॅरोन या अमेरिकी तरुणाने तो सुमारे साडेचार वर्षे एकट्याने घडवला: आज्ञावली, चित्रे, संगीत, संवाद, सगळे. फेब्रुवारी 2016 मध्ये तो संगणकावर आला, नंतर मोबाइलवरही. 2024 च्या अखेरीपर्यंत त्याच्या 4 कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या. कंपनीतल्या नोकरीला विटलेला एक माणूस आजोबांच्या पडीक शेतावर राहायला येतो, एवढीच गोष्ट. एक ऋतू 28 दिवसांचा, आणि एक दिवस आपल्या घड्याळातल्या जेमतेम चौदा मिनिटांचा. माणूस झोपला की दिवस नोंदला जातो. रोपाला पाणी द्यायचे राहिले तर ते त्या दिवशी वाढत नाही, पण मरतही नाही. मरते ते ऋतू बदलल्यावर, जसे खऱ्या शेतात होते. आणि खेळ बंद असताना त्या शेतावर एक क्षणही पुढे सरकत नाही. तीन दिवसांनी फोन उघडला तरी शेत होते तिथेच असते.

त्या खेळातल्या उन्हाळ्यात तिखट मिरची पेरता येते. पाच दिवसांत ती धरते, मग दर तीन दिवसांनी तोडणी. पेडण्यातल्या मुलाला हे वाचून हसू येईल, कारण हरमलच्या मिरचीला, भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरचीला, असे पाच दिवस पुरत नाहीत. तरीही ज्या मुलाने आजीला वाळत घातलेली मिरची उलटताना पाहिली आहे, त्याला या खेळात मुंबईच्या मुलापेक्षा जास्त गंमत वाटावी. वाफा, पाणी, खत, बाजारभाव हे शब्द त्याच्या घरातले आहेत. खेळ पूर्ण निर्दोष नाही. चौदा मिनिटांचा दिवस संपताना आणखी एकच दिवस खेळू या असा मोह होतो, आणि काही जण तर मिनिटामिनिटाचा हिशेब मांडून या शेतालाही कारखाना करून टाकतात. पण तो हट्ट खेळणाऱ्याचा असतो; खेळ मागे लागत नाही.

अशा स्वभावाचे आणखीही खेळ आहेत. ऑस्कर स्टॉलबर्गचा टाउनस्केपर पाण्यावर बोटाच्या स्पर्शाने रंगीत घरे उभी करू देतो. त्यात जिंकणे नाही, हरणे नाही, गुणही नाहीत. आल्टोज ॲडव्हेंचरमध्ये बर्फाच्या उतारावरून घसरत जायचे, आणि त्याच्या झेन प्रकारात नाणी व गुण दोन्ही काढून टाकलेले आहेत. मे महिन्याच्या उकाड्यात बर्फ पाहणे हेही थोडे सुख आहे. संगणक असेल तर अ शॉर्ट हाइक हा एका पक्षिणीने डोंगर चढण्याचा खेळ दोनेक तासांत संपतो. संपणे हा खेळाचा मोठा गुण आहे, आणि आज तो दुर्मीळ झाला आहे.

अशा खेळांनी मन खरेच सुखावते का? 2020 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ॲनिमल क्रॉसिंग आणि प्लँट्स व्हर्सेस झाँबीज या दोन खेळांच्या 3,274 खेळाडूंचे प्रत्यक्ष खेळलेले तास कंपन्यांकडून मिळवून तपासले. जास्त खेळणाऱ्यांचे समाधान किंचित जास्त आढळले. दोन वर्षांनी सुमारे 39 हजार खेळाडूंवर मोठा अभ्यास झाला, तेव्हा तासांचा समाधानावर जवळजवळ काहीच परिणाम दिसला नाही, चांगला नाही आणि वाईटही नाही. किती वेळ खेळले यापेक्षा खेळणारा आपल्या मर्जीने खेळत होता की ओढला जात होता, याला या दुसऱ्या अभ्यासात अधिक महत्त्व आले. पडवीतल्या आजीला हे आधीच ठाऊक असते. पत्ते खेळणाऱ्या नातवंडांना ती कधी रागवत नसे. डाव संपला की ती उठतील, अशी तिला खात्री होती.

पत्त्यांचा विषय निघालाच आहे तर संगणकावरचा पहिला मोठा विसाव्याचा खेळही पत्त्यांचाच होता. 1990 च्या विंडोज 3.0 बरोबर सॉलिटेअर आला. वेस चेरी या मायक्रोसॉफ्टमध्ये उमेदवारी करणाऱ्या तरुणाने तो लिहिला, सुझन केर यांनी पाने काढली. लोकांना माउसने वस्तू धरून ओढण्याची सवय लागावी हा त्यामागचा हेतू होता. गोव्यातल्या कितीतरी सरकारी कचेऱ्यांत आणि सायबर कॅफेंत माउस हाती बसला तो याच पानांवर.

पत्ते याहून जुने आणि जवळचे आहेत. मेंढीकोट, झब्बू, पाच-तीन-दोन हे उन्हाळी सुटीचे खेळ अजून गावोगाव चालतात. पेडण्याची सीमा ओलांडली की सावंतवाडी लागते. पेडणे आणि डिचोली हे दोन्ही तालुके अठराव्या शतकाच्या शेवटी पोर्तुगीजांकडे गेले, त्याआधी ते सावंतवाडीकर भोसल्यांच्या सत्तेखाली होते. त्याच सावंतवाडीत गंजिफा टिकला आहे: हाताने रंगवलेली, लाखेचा लेप दिलेली गोल पाने. दशावतारी गंजिफ्यात 120 पाने असतात. दहा अवतारांची दहा घराणी, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हाती तो सुरुवात करतो, रात्री कृष्णाचा. हा हुकुमाशिवायचा खेळ आहे. कोणती पाने गेली एवढे ध्यानात ठेवत तो तासन्‌तास रमतगमत चालतो. ही कला संपत आली होती. 1970 च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात कारागिरांना बसवून पुन्हा उभी केली. आज राजवाड्यात जाऊन पाने रंगवणारे कारागीर पाहता येतात. पाने लोक विकत नेतात ती बहुतेक भिंतीवर लावण्यासाठी. खेळणारे हात कमी उरले आहेत, आणि हे मनाला लागते.

पटावरच्या खेळाचे नशीब यापेक्षा चांगले निघाले. पचीसीला सोपे करून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात लुडो झाला, आणि 2016 मध्ये नवी मुंबईच्या गेमशन कंपनीने त्याचा लुडो किंग केला. 2020 च्या टाळेबंदीत परगावी अडकलेला भाऊ, आखातातला काका आणि गावातली आजी एकाच पटावर बसली. पुढे लुडो, रमी, तीन पत्ती यांत पैसे लावायला लावणारी ॲप्स बोकाळली. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, हे फार चांगले झाले. विसाव्याच्या खेळात पैसा शिरला की विसावा उरत नाही.

उणीव आहे ती भाषेची. स्टारड्यू व्हॅली डझनभर भाषांत खेळता येतो, त्यांत हंगेरियन आहे, तुर्की आहे, मराठी नाही. पेडणे आणि डिचोली हे तर गोव्यातले मराठी शाळांचे तालुके. तिथल्या मुलाला मिरचीचे बी विकत घेतानाही इंग्रजी वाचावे लागते. ही उणीव भरून काढणे अशक्य नाही. लुडो किंग नवी मुंबईत तयार झाला, राजी: ॲन एन्शंट एपिक हा 2020 मधला देखणा खेळ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केला. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून आणि सिंधुदुर्गातून दरवर्षी संगणक शिकलेली मुले बाहेर पडतात. दशावतारी गंजिफ्याचे नियम तयार आहेत, पाने रंगवणारे कारागीर सावंतवाडीत आहेत, खेळ डावाने संपणारा आहे, फोन न तापवणारा आहे. जाहिरातीविना, जिवांच्या मोजणीविना, मराठीत बोलणारा असा गंजिफा त्यांच्यापैकी कोणी तरी करायला घ्यावा, आणि त्यातला काही हिस्सा त्या कारागिरांना मिळेल अशी तजवीजही करावी.

तोवर ज्या घरात दुपारी मुलाच्या हातात फोन आहे, तिथल्या आई-वडिलांनी एकदा त्याच्या शेजारी बसून तो काय खेळतो ते पाहावे, आणि निदान त्याच्या फोनवर एक तरी उठू देणारा खेळ घालून द्यावा.