मेलेले पाइप, जिवंत पाइप

ब्रिटनमधल्या लेस्टरच्या मध्यवस्तीत काम असलं, की नव्या जोडीदाराला मी तिसऱ्या रिचर्ड राजाची गोष्ट हमखास सांगतो. 1485 साली बॉसवर्थच्या लढाईत तो पडला आणि त्याला ग्रेफ्रायर्स मठात पुरलं. पुढे मठ गेला, तिथे कार पार्क आलं. 2011 च्या ऑगस्टमध्ये त्या कार पार्कवर रडार फिरवलं, पण वरच्याच थरातल्या पाडकामाच्या राडारोड्यामुळे मठाच्या भिंती काही कळेनात. कळले ते आजच्या काळातले पाइप आणि केबल. वर्षभराने, 25 ऑगस्ट 2012 ला खोदायला घेतलं, तर पहिल्याच दिवशी हाडं लागली. ती राजाचीच, हे फेब्रुवारी 2013 मध्ये जाहीर झालं. त्या रडारने संशोधकांची निराशा केली असेल. माझं पोट मात्र नेमकं त्या पाइप-केबलींवर चालतं.

मी युटिलिटी सर्व्हे करतो. रस्ता खणण्याआधी खाली काय काय आहे, याचं ड्रॉइंग काढून द्यायचं. आधी कंपन्यांकडचे जुने नकाशे मागवायचे, मग जागेवर जाऊन एकेक झाकण उघडायचं. त्यानंतर कॅट आणि जेनी ही जोडी. जेनी केबलमध्ये किंवा लोखंडी पाइपमध्ये सिग्नल सोडते, कॅट वरून तो पकडतं. प्लास्टिकच्या पाइपमधून सिग्नल जात नाही, म्हणून तिथे रडारची ढकलगाडी.

रडार पाइप दाखवतं, असं लोकांना वाटतं. ते दाखवतं फक्त फरक. लहरी खाली जातात आणि जिथे एक पदार्थ संपून दुसरा सुरू होतो तिथून थोड्या परत येतात. गाडी पाइपला आडवी ओलांडली, की पडद्यावर कमान उमटते. पाइप कमानीच्या माथ्याखाली. लहर परत यायला लागलेल्या वेळावरून खोली काढायची, पण लहरीचा वेग मातीतल्या ओलाव्यावर ठरतो. लंडनच्या ओल्या चिकणमातीत तर लहरी वरच्या वर जिरतात. विदर्भातली काळी माती पावसाळ्यात बैलगाडीचं चाक धरून ठेवते, तसलाच प्रकार. अशा जागी पडदा कोरा दिसतो, आणि कोरा पडदा म्हणजे खाली काही नाही असं मानणारा माणूस या धंद्यात धोकादायक.

खरी डोकेदुखी मेलेल्या पाइपांची. घरांजवळच्या जुन्या लोखंडी गॅसवाहिन्या बदलण्याचा तीस वर्षांचा कार्यक्रम इथे 2002 पासून चालू आहे. कधी जुन्या लोखंडाच्या पोटातूनच पिवळा प्लास्टिकचा पाइप सरकवतात, कधी नवा शेजारून टाकतात आणि जुना तिथेच सोडून देतात. दोघांची कमान सारखीच. मग मी यंत्र बाजूला ठेवून चालत सुटतो. कुठल्या घराला मीटरची पेटी कुठे, व्हॉल्व्हचं झाकण कोणत्या बाजूला, डांबरात चर बुजवल्याचा पट्टा कुठून कुठे गेलाय. असा पट्टा कित्येकदा रडारपेक्षा खरं बोलतो.

सरकारी आकड्यांनुसार या देशात सुमारे 40 लाख किलोमीटर पाइप आणि केबल पुरलेले आहेत, दर सात सेकंदांना कुठेतरी खड्डा खणला जातो आणि वर्षाला जवळजवळ 60,000 वेळा चुकून काहीतरी तुटतं. सगळ्या कंपन्यांच्या नोंदी एकाच नकाशावर आणणारी ‘न्यूआर’ ही राष्ट्रीय नोंदवही 2023 पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पूर्वी दहा ठिकाणी पत्रं धाडून वाट बघावी लागे, त्या मानाने हे सुखच. पण जुन्या कागदावर चुकीच्या फुटपाथवर काढलेली रेष संगणकात गेली म्हणून सरळ होत नाही.

2014 साली आलेल्या ‘पास 128’ या मानकाने एक चांगलं केलं: प्रत्येक रेषेवर तिच्या खात्रीची पातळी लिहायची. ‘ए’ म्हणजे खणून डोळ्यांनी पाहिलेलं. ‘बी 4’ म्हणजे असणार असा अंदाज, पण यंत्राला न सापडलेलं. ठेकेदारांना ‘बी 4’ आवडत नाही. “सापडलं नाही ना, मग काढून टाक की ती रेष,” असा फोन येतोच. मी काढत नाही. फार तर सांगतो, की तेवढ्या जागी व्हॅक्यूमने माती ओढून ट्रायल होल घ्या, मी येऊन खोली मोजून देतो. खर्च ऐकून ते कुरकुरतात आणि बहुतेक वेळा घेतात.