निर्मनुष्य

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार मी बावीस वर्षे शिकवला. विद्यार्थ्याच्या निबंधात 'अवर्णनीय' हा शब्द दिसला की त्याखाली लाल रेघ ओढायची आणि 'वर्णन करता येत नव्हते, तर कागद का खर्ची घातलास?' असे समासात लिहायचे, ही माझी जुनी खोड. ऑगस्ट २०२५ मध्ये लेकीकडे कॅलगरीला गेलो असता तिने मला बॅन्फ आणि जॅस्पर या राष्ट्रीय उद्यानांत नेले. लेक लुईसपासून जॅस्परपर्यंतचा सुमारे २३० किलोमीटरचा रस्ता आम्ही थांबत थांबत दिवसभरात संपवला. रात्री वही चाळली, तर त्या दिवसाच्या टिपणात 'निर्मनुष्य' हा शब्द चार वेळा आला होता. 'अवर्णनीय' एकदाही नव्हता. याचे तेव्हा समाधान वाटले, हे कबूल करायला हवे.

वाटेत अथाबास्का हिमनदीपाशी थांबलो होतो. कोलंबिया हिमक्षेत्रातून उतरणारी ही एक शाखा. त्या हिमक्षेत्राचे पाणी पॅसिफिक, आर्क्टिक आणि अटलांटिक अशा तीन महासागरांच्या वाटेला लागते. गेल्या सव्वाशे वर्षांत ही हिमनदी दीड किलोमीटरहून अधिक मागे सरली आहे. कोणत्या साली ती कुठवर होती, हे सांगणारे फलक तिच्याकडे जाणाऱ्या वाटेवर रोवले आहेत. लेक आपले जन्मसाल शोधू लागली. त्या सालाचा फलक नव्हता. मग मागचा आणि पुढचा असे दोन फलक धरून तिने अदमासे पावले मोजली आणि एका दगडावर उभी राहिली. "बाबा, मी झाले तेव्हा बर्फ इथे होता." तिथून बर्फाची कड बरीच दूर होती. मध्ये नुसता राखाडी दगडगोट्यांचा पसारा. सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या मला डोंगर म्हणजे न हलणारी गोष्ट वाटत आली होती. इथे पोरीच्या वयाने मोजता येईल इतका तो झिजत होता.

जॅस्परच्या मुक्कामात उद्यानाचा इतिहास वाचायला घेतला. उद्यानाची स्थापना १९०७ सालची. त्या वेळी अथाबास्काच्या खोऱ्यात मेटी कुटुंबे राहत होती. युरोपीय फर-व्यापारी आणि मूलनिवासी स्त्रिया यांच्यापासून घडलेला हा समाज. त्यांची घरे होती, शेते होती, घोडे होते. १९१० च्या सुमारास सरकारने नुकसानभरपाई देऊन त्यांना खोऱ्याबाहेर काढले. दक्षिणेकडे बॅन्फमध्ये स्टोनी नाकोडांची शिकार आधीच बंद झाली होती. म्हणजे मी ज्याला निर्मनुष्य म्हणत होतो, ते मुळात तसे नव्हते. तसे करण्यात आले होते.

गोष्ट इथेच थांबत नाही. मूलनिवासी लोक ठरवून, थोडे थोडे रान जाळत असत. पुढे हे जाळणे बंद झाले, आणि लागलेली आगही दशकानुदशके विझवली गेली. ब्रिजलंड या सर्वेक्षकाने १९१५ मध्ये जॅस्परच्या शिखरांवरून छायाचित्रे घेतली होती. १९९० च्या दशकाअखेरीस संशोधकांनी त्याच जागांवरून पुन्हा ती घेतली, तेव्हा जुन्या चित्रांतील माळांवर, विरळ रानावर दाट झाडी माजलेली दिसली. त्यात भुंग्यांनी वाळवलेले पाइन, त्यात उष्मा. जुलै २०२४ च्या वणव्यात जॅस्पर गावातील सुमारे एक तृतीयांश इमारती जळाल्या. आम्ही उतरलो होतो त्यापासून चार पावलांवर रिकामे चौथरे होते.

वर्गात मारुती चितमपल्ली शिकवताना मी आवर्जून सांगत असे की त्यांच्या लेखनात रान कधी रिकामे नसते. तिथल्या आदिवासींनी दिलेल्या नावांनी ते भरलेले असते. मेळघाटातून, ताडोब्यातून उठवलेली गावेही मला ठाऊक होती. तरीही परक्या मुलखात पाऊल टाकताच हाताने पहिला शब्द लिहिला तो हा. शिकवलेले आणि शिकलेले यांत इतके अंतर असावे, याची लाज वाटली. वही काढून चारही ठिकाणी लाल रेघ ओढली. समासात काय लिहावे, ते मात्र सुचेना.

दुसऱ्या दिवशी परतताना लेकीने जळक्या रानापाशी गाडी थांबवली. काळ्या बुंध्यांच्या पायाशी गुडघाभर उंचीची गुलाबी-जांभळी फुले आली होती, दूरवर. नाव विचारले, तर म्हणाली, "फायरवीड. आगीनंतर आधी हेच उगवतं." मराठी नाव मला ठाऊक नव्हते. तिने सांगितले तसेच लिहून घेतले.