मुळांवरच्या गाठी

आम्ही मराठीचे पदवीधर. वनस्पतिशास्त्राशी आमचा संबंध म्हणाल तर शाळेच्या वेळापत्रकात त्या विषयाचे तास बसवून देण्यापुरता. तेव्हा झाडांच्या मुळांविषयी आम्ही चार शब्द लिहावेत, हा आगाऊपणाच झाला. परंतु गेल्या तीन वर्षांत शाळेच्या आवारात जे घडले आणि त्याच काळात आमच्या घरात जे घडले, त्या दोहोंची आमच्या मनात अशी काही गुंतागुंत होऊन बसली आहे की, एक सांगितल्यावाचून दुसरे सांगता येत नाही.

राजगढ हे धार जिल्ह्यातील सरदारपूर तहसिलीतले गाव. जवळच्या मोहनखेड्याच्या जैन तीर्थामुळे परगावच्या लोकांना ते ठाऊक असते. मही नदी उगम पावते तीही याच तहसिलीत, मिंडा गावाजवळ. आमचे पूर्वज धारच्या पवारांच्या चाकरीसाठी माळव्यात आले आणि इथलेच झाले. उंबऱ्याच्या आत मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी-माळवी, असा आमचा अनेक पिढ्यांचा रिवाज आहे.

शाळेची नवी इमारत झाली, तेव्हा पायाच्या खोदाईतला मुरूम सगळ्या मैदानावर पसरला गेला. माळव्याची प्रसिद्ध काळी माती त्याखाली गाडली गेली. त्या पावसाळ्यात आम्ही मुलांच्या हातून शिरीष आणि करंज यांची वीस रोपे लावली. भाद्रपद सरता सरता पाने पिवळी पडू लागली. आम्हांस राहवेना. आम्ही युरियाचे पोते आणविले आणि मूठ मूठ खत प्रत्येक आळ्यात घातले. पंधरा दिवसांत झाडे अशी हिरवीगार झाली की, येणारा-जाणारा थबकून पाही. आम्ही मनोमन सुखावलो. पावसाळा आणि हिवाळा असेच खत देत राहिलो. रोपे उंच झाली, पण काटकुळी. वैशाखाचे ऊन तापले आणि वीसांपैकी अकरा रोपे उभ्या उभ्या वाळली.

मात्र शाळेच्या मागच्या बाजूला, हातपंपाजवळ, आमच्या भृत्याने दोन शिरीष स्वतःच्या हौसेने लावले होते. मुरूम तोच, ऊन तेच. खत मात्र त्यांना मिळाले नव्हते, कारण ती आमच्या हिशेबातच नव्हती. ती दोन्ही ठेंगणी, पण टवटवीत होती. विचारले तेव्हा तो म्हणाला, "माड़साब, मी रस्त्याकडेच्या जुन्या शिरीषाखालची दोन टोपल्या माती खड्ड्यात घातली होती. आमच्याकडे तसेच करतात."

आमचे विज्ञानशिक्षक तरुण आहेत आणि जिज्ञासू. त्यांनी एक वाळलेले रोप उपटले आणि हातपंपाजवळच्या शिरीषाची कडेची मुळे हलकेच उकरली. पहिल्याची मुळे जवळजवळ नितळ होती. दुसऱ्याच्या बारीक मुळांना मोहरीएवढ्या, क्वचित ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी होत्या. त्यांनी एक गाठ नखाने फोडली. आत फिकट गुलाबी रंग! "सर, हा रंग आपल्या रक्तातल्या द्रव्याच्या सख्ख्या भावाचा आहे," ते म्हणाले. पुढे अर्धा तास ते बोलत राहिले आणि आम्ही, हेडमास्तरपण विसरून, विद्यार्थ्यासारखे ऐकत राहिलो.

आपल्याभोवतीच्या हवेत शंभरातले अठ्ठ्याहत्तर भाग नत्र असते. परंतु झाडाला ते हवेतून घेता येत नाही. समुद्रात राहून तहानलेला असावा, तशी त्याची गत. कारखान्यात हे नत्र बांधून युरिया करायचा तर चारशे-पाचशे अंशांची उष्णता आणि हवेच्या दाबाच्या शेकडोपट दाब लागतो. तेच काम या गाठींतले जिवाणू मातीच्या गारव्यात, गाजावाजा न करता करतात. हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ ते १८८८ या काळात हे सिद्ध केले आणि १८८८ सालीच हॉलंडच्या बायरिंक यांनी ते जिवाणू गाठींतून वेगळे काढून वाढवून दाखविले.

आम्हांस विशेष वाटले ते या सोबतीच्या रीतीभातीचे. झाडाला नत्राची भूक लागली की, त्याची मुळे मातीत विशिष्ट द्रव्ये सोडतात. हे जणू बोलावणे. ज्या जिवाणूंना ती खूण ओळखू येते, ते आपली उलट खूण पाठवितात. मग मुळाचा केस त्यांच्याभोवती वळतो, आत शिरायला वाट करून देतो आणि तिथे गाठ धरू लागते. झाड साखर देते, पाहुणा नत्र देतो. प्राणवायू जास्त झाला तर पाहुण्याचे काम बंद पडते. म्हणून ते गुलाबी द्रव्य प्राणवायू मोजून-मापून पोहोचविते. ऐतखाऊ पाहुण्याचीही सोय आहे. ज्या गाठी नत्र देत नाहीत, त्यांचा प्राणवायू झाड आखडता घेते, असे सोयाबीनवरील प्रयोगांत दिसून आले आहे.

सर्वच झाडांना अशा गाठी येत नाहीत. चिंच शेंगवर्गातली असूनही तिला येत नाहीत. उलट सुरूसारख्या शेंगवर्गाबाहेरच्या झाडाला वेगळ्या जातीच्या जिवाणूंमुळे येतात. आणि प्रत्येक गाठ सोबत्याचीच असते असेही नाही. सूत्रकृमींची गाठ म्हणजे मुळाचीच सूज. ती चिमटीने सुटत नाही. सोबत्याची गाठ बाजूला लटकलेली असते आणि सहज निघते. शिवाय गाठ न करता मुळांच्या पेशींमधल्या फटींत राहणारे कितीतरी जिवाणू आहेत. कोणी मुळांची वाढ करणारे द्रव्य तयार करतो, कोणी मातीत अडकलेले स्फुरद विरघळवून देतो, कोणी उन्हातान्हात झाडाला म्हातारपण आणणारा वायू कमी करतो, तर कोणी रोगजंतूंची जागा आधीच अडवून बसतो.

माळव्याला ही गोष्ट खरे तर नवी नाही. सोयाबीन आपल्याकडे परका म्हणून आला, तेव्हा त्याचा सोबती जिवाणू इथल्या मातीत पुरेसा नव्हता. म्हणून शेतकरी कल्चरचे पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळीत आणि ते सावलीत वाळवून पेरीत. परक्या मुलखात जाताना आपला सोबती बरोबर न्यावा लागतो, हे आपल्यासारख्या बृहन्महाराष्ट्रीयांना वेगळे सांगायला नको.

"मग आमच्या रोपांना गाठी का नाहीत?" आम्ही विचारले. ते जरा चाचरत म्हणाले, "एक तर मुरुमात जिवाणू फारसे नव्हते. आणि दुसरे, सर, आयते नत्र मिळाले की झाड बोलावणे पाठवीतच नाही. युरियाने भूकच मारली."

त्या दिवशी आम्ही घरी आलो ते गप्पच. चिरंजीव बाहेरच्या खोलीत पडून होते. इंदूरच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षी सर्व विषयांत अपयश घेऊन ते दोन महिन्यांपूर्वी परतले होते आणि आम्ही त्यांच्याशी कामापुरतेही धड बोललो नव्हतो. त्यांचे शालेय निबंध आम्ही लिहून दिले होते. वक्तृत्वाची भाषणे आम्ही पाठ करून घेतली होती. विषय आम्ही निवडला, अर्ज आम्ही भरला, खोलीसुद्धा आम्हीच पाहिली. गुणपत्रिका दर वर्षी हिरवीगार असे आणि येणारा-जाणारा थबकून पाही.

रात्री जेवताना आम्ही गाठींची हकीकत सांगितली. आमच्या सौ. ऐकत होत्या. चिरंजीवांनी मान वर न करता विचारले, "मग त्या झाडांनी काय करायला हवं होतं, बाबा?"

"मागायला हवं होतं," आम्ही म्हणालो.

"तुम्ही मागू कधी दिलंत?"

सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले आणि भाकरीचा तुकडा आमच्या ताटात वाढला. आम्हांस उत्तर सुचले नाही. बत्तीस वर्षे मुलांची उत्तरे तपासलेला मनुष्य एका प्रश्नापुढे कोरा राहिला.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही पुन्हा अकरा रोपे लावली. या वेळी टोपल्या वाहिल्या त्या मुलांनीच, भृत्याच्या देखरेखीखाली. युरियाचे उरलेले पोते एका पालकाला मक्यासाठी देऊन टाकले. रोपे काही दिवस पिवळी पडली. सकाळी फेरी मारताना आमचे हात शिवशिवत. परंतु आम्ही ते पाठीमागे बांधून चालत राहिलो. अकरापैकी नऊ रोपांनी उन्हाळा काढला.

चिरंजीवांनी विषय बदलून धारच्या महाविद्यालयात प्रवेश घेतला. अर्ज त्यांनीच भरला. त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या; त्या आम्हांस दिसल्या आणि आम्ही चष्मा काढून ठेवला. पहिल्या सहामाहीत एक विषय राहिला आहे. परवा त्यांचा फोन आला. इकडचे-तिकडचे बोलून झाल्यावर ते म्हणाले, "बाबा, एक अडलंय. विचारू का?"

आम्ही म्हणालो, "विचार."