एक्सपान्शन जॉइंटा, तुझी फट मोकळी राहो

करकंब, ता. पंढरपूर, जि. सोलापूर

प्रिय एक्सपान्शन जॉइंट,


तुला पत्र पाठवणारा बहुधा मीच पहिला. शिव्या मात्र तुला रोजच्या रोज पोचतात. उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टरवाला, किटल्या लटकवलेला दूधवाला, एसटीच्या मागच्या बाकावरची म्हातारी, सगळ्यांचं कंबरडं तुझ्यापाशी एकदा हिसका खातं आणि ‘पुलावर खड्डा पडलाय’ अशी बोंब उठते. मग एक दिवस डांबर येतं, खडी पडते, रोलर फिरतो आणि तू गाडला जातोस. रस्ता गुळगुळीत, तक्रार निकालात. पुलांच्या कामावर उमेदीची वर्षं काढलेला माणूस म्हणून सांगतो, त्या दिवशी त्या पुलाची भूकंपाला तोंड द्यायची ऐपत कमी झालेली असते आणि त्याची दखल कुणीच घेत नाही.

आधी तुझं रोजचं काम सांगतो, कारण तेच लोकांना ठाऊक नाही. काँक्रीट उन्हात वाढतं, थंडीत आखडतं. तापमान एक अंशाने चढलं की किलोमीटरभर काँक्रीट बारा मिलिमीटरने लांबतं. पौषातली पहाट आणि वैशाखातली दुपार यांत आमच्याकडे तीस अंशांचा फरक सहज पडतो. म्हणजे ३० मीटरचा गर्डर (स्लॅबखालची तुळई) वर्षभरात सुमारे ११ मिलिमीटर मागेपुढे होतो. चार गाळे, म्हणजे दोन आधारांमधले भाग, सलग जोडलेले असतील तर त्याच्या चौपट. शिवाय काँक्रीट सुकताना आकसतं, गाड्या ब्रेक मारताना स्लॅबला ढकलतात. एवढ्या सगळ्या हालचालीला जागा म्हणून दोन स्लॅबांमध्ये फट ठेवतात आणि त्या फटीवरून चाक जावं, पण पाणी खाली उतरू नये, म्हणून तुला बसवतात. साध्या पुलावर तू स्ट्रिप सील असतोस: दोन बाजूंना पोलादी कडा आणि मध्ये नियोप्रीनची दुमडलेली पट्टी. ८० मिलिमीटरपर्यंतची हालचाल तू झेलतोस. त्याहून जास्त लागली की अशा पट्ट्या शेजारी शेजारी लावून मॉड्युलर जॉइंट करतात.

हे झालं उन्हापावसाचं. भूकंपाचा हिशेब निराळा, आणि करकंबकरांनी तो टाळून चालणार नाही. आमच्या पश्चिमेला कोयना. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथे भूकंप झाला. आमच्या पूर्वेला किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीची पहाट. सरळ रेषेत मोजलं तर किल्लारी करकंबपासून दीडशे किलोमीटरच्या आत आहे आणि कोयना पावणेदोनशेच्या आसपास. दोन्ही ठिकाणी ‘दख्खनचं पठार पक्कं आहे’ ही आमची समजूत खोटी ठरली. किल्लारीचा भाग तर तोवर भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता. २००२ साली भारतीय मानक १८९३ बदललं, झोन १ नकाशावरून गेला आणि सोलापूर झोन ३ मध्ये गणलं गेलं. किल्लारीत माणसं गेली ती दगडमातीच्या घरांखाली. त्यामुळे पुढची सगळी चर्चा घरांची झाली आणि पुलांकडे कुणी वळून पाहिलं नाही. जखमी सोलापूरला आणले गेले ते मात्र पुलांवरूनच.

जमीन हलली की तुझ्यापाशी काय होतं? प्रत्येक खांबाची डुलण्याची चाल वेगळी असते. उंच खांब सावकाश झुलतो, बुटका चटकन थरथरतो. त्यांच्यावरचे शेजारी स्लॅब एकाच वेळी एकाच दिशेला जात नाहीत. क्षणात ते एकमेकांवर आदळतात, क्षणात एकमेकांपासून दूर ओढले जातात. आदळले की तुझ्या कडांचं काँक्रीट फुटतं. दूर गेले की खरा धोका: गर्डर आधारावरून घसरतो. शेजारचे भाग असे वेगवेगळे हलतात याचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातच आहे, पुलावर नाही तर धरणावर. कोयना धरण सलग भिंतीसारखं दिसतं, पण ते उभ्या सांध्यांनी वेगळे ठेवलेल्या मोनोलिथचं, म्हणजे स्वतंत्र ठोकळ्यांचं, बनलेलं आहे. १९६७ नंतर तपासणी झाली तेव्हा वरच्या भागातल्या आडव्या भेगा सर्वांना दिसल्या. त्याचबरोबर मोनोलिथमधल्या उभ्या सांध्यांच्या कडा उडालेल्या आढळल्या. शेजारचे भाग आपापल्या तालात हलले होते, हे त्या कडांनी सांगितलं.

पुलांवर हेच घडलं तेव्हा किंमत जास्त पडली. जपानमधल्या निगाता शहरातला शोवा पूल जेमतेम महिन्याभराचा होता. १६ जून १९६४ च्या भूकंपात नदीतळाची वाळू पातळ झाली, खांब सरकले आणि पाच गाळे एकामागोमाग नदीत गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजवर १७ ऑक्टोबर १९८९ ला वरच्या मजल्याचा पन्नास फुटी तुकडा खालच्या मजल्यावर कोसळला. तो तुकडा मोडला नव्हता, काही इंचांच्या आधारावरून घसरला होता. आपल्याकडे २६ जानेवारी २००१ ला भुजच्या भूकंपात कच्छला सौराष्ट्राशी जोडणाऱ्या सूरजबारीच्या पुलाचे गर्डर त्यांच्या खालच्या बेअरिंगवरून हलले आणि सांध्यांपाशी काँक्रीट फुटलं. मदतीचा रस्ता ऐन गरजेच्या वेळी अडला. या तिन्ही ठिकाणी बोट ठेवायचं ते तुझ्यावर नव्हे, तुझ्या खालच्या जागेवर.

म्हणूनच नव्या इंजिनिअरांना मी सांगतो की भूकंपासाठी जॉइंट डिझाइन करायचा म्हणजे जॉइंट अमर करायचा नव्हे. शंभर वर्षांत कधीतरी येणारी हालचाल पूर्ण झेलेल असा तुला करायचा तर फट इतकी रुंद ठेवावी लागेल की रोजचं चाक त्यात आपटेल, आणि तुझी किंमत पुलाच्या मानाने अव्वाच्या सव्वा होईल. युरोपच्या संहितेने याचा सरळ तोडगा काढला आहे. डिझाइन भूकंपात जितकी हालचाल अपेक्षित आहे तिच्या ४० टक्के आणि तापमानाच्या हालचालीच्या निम्मी एवढी जागा तुला दिली की पुरे, असं ती सुचवते. त्यापलीकडे तू तुटलास तरी चालेल. अट एकच: तू कसा आणि कुठे तुटणार हे आधी ठरलेलं असावं. तुझ्या मागची डर्ट वॉल (पुलाच्या टोकाला माती अडवणारी भिंत) वरच्या बाजूला मुद्दाम कच्ची ठेवतात, म्हणजे स्लॅब आदळला की ती निघून येते आणि ॲबटमेंटचा, म्हणजे पुलाच्या टोकाच्या आधाराचा, पाया वाचतो. घरात शॉर्ट सर्किट झालं की फ्यूज उडतो आणि वायरिंग वाचतं, तसंच हे.

मग वाचवायचं काय? बैठक. गर्डर पिअर कॅपवर, म्हणजे खांबाच्या माथ्यावर, जितका आत बसलेला असतो तितकं अंतर. स्लॅब कितीही सरकला तरी हे अंतर संपता कामा नये. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात बैठकीची किमान लांबी स्पॅन (गाळ्याची लांबी) आणि खांबाच्या उंचीवरून काढतात. आमच्या झोन ३ मध्ये ३० मीटरचा गाळा आणि ८ मीटरचा खांब धरला तर ती जवळजवळ ३० सेंटिमीटर येते. झोन ४ आणि ५ साठी दीडपट. जपानी लोक निगाताचा धडा विसरलेले नाहीत. त्यांचा ठोकताळा ७० सेंटिमीटर अधिक दर मीटर स्पॅनमागे अर्धा सेंटिमीटर. म्हणजे त्याच गाळ्याला ८५. आणखी एक गोष्ट आमच्या भागाला खास लागू पडते. उजनी धरणाच्या कालव्यावरचे पूल पुष्कळदा तिरके असतात, कारण कालवा रस्त्याला हवा तसा काटकोनात येत नाही. तिरका स्लॅब भूकंपात नुसता सरकत नाही, तो जागच्या जागी फिरतो आणि त्याचा अरुंद कोपरा बैठकीवरून आधी सुटतो. अमेरिकी नियमाप्रमाणे ४० अंशांच्या तिरकेपणाला बैठक २० टक्क्यांनी वाढवावी लागते.

बैठकीच्या जोडीला तुझे मदतनीसही आहेत. स्लॅब आडवा घसरू नये म्हणून पिअर कॅपवर काँक्रीटचे ठोकळे उभारतात, त्यांना साइटवर सिस्मिक अरेस्टर म्हणतात. कॅलिफोर्नियात १९७१ च्या सॅन फर्नांडोच्या भूकंपानंतर जुन्या पुलांचे शेजारी गाळे पोलादी दोरांनी एकमेकांना बांधले. शॉक ट्रान्समिशन युनिट ही तर मोठी हुशार चीज. ऊन-थंडीच्या संथ हालचालीला ती वाट देते आणि अचानक आलेल्या धक्क्याला जागच्या जागी अडकते, म्हणजे धक्का एकाच खांबावर न येता सगळ्यांत वाटला जातो. आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत उत्तम उपाय म्हणजे तूच नसणं. गाळे सलग ओतले की तुझी संख्या घटते. छोट्या पुलांना स्लॅब आणि ॲबटमेंट एकजीव करून तुला पुरतं वगळता येतं. अशा पुलांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसने २०१८ साली वेगळी मार्गदर्शिका काढली आहे. ओढ्यांवरचे नवे पूल बांधताना आमच्या भागात तिचा विचार आधी व्हावा. रागावू नकोस.

पण जे पूल उभे आहेत त्यांना तुझ्यावाचून गत्यंतर नाही, आणि तिथेच ते डांबर आडवं येतं. एकदा पुलाखाली उतरून पाहावं. वर फाटलेल्या सीलमधून पाणी झिरपलेलं असतं, त्याचे पांढरे ओघळ पिअर कॅपच्या तोंडावर सुकलेले असतात. कॅपवर टॉर्च मारली तर बेअरिंग दिसत नाही, दिसतो तो गाळ: वाळू, खडी, उसाचं पाचट, गुटख्याच्या पुड्या, मधूनच कबुतराचं घरटं. खराट्याने तो ओढला की खालून ओलसर काळा चिखल निघतो आणि त्यात कॅपच्या कडेचे काँक्रीटचे पापुद्रे येतात. आत गंजलेली सळई. कडेचं दहा सेंटिमीटर काँक्रीट असं उडून गेलं की नकाशावरची ३० सेंटिमीटरची बैठक प्रत्यक्षात २० ची उरते. वरच्या फटीत डांबर-खडी दाबून बसलेली असते ती वेगळीच. उन्हाळ्यात स्लॅबला वाढायला जागा नाही, तो डर्ट वॉलला रेटतो आणि तिला भेग पडते. भूकंपात तर शेजारच्या स्लॅबशी टक्कर पहिल्याच हिसक्याला ठरलेली. म्हणजे तुला गाडलं की आदळायची वेळ अलीकडे येते. तुझं सील फाटकं ठेवलं की पडायची वेळ अलीकडे येते.

या रस्त्यांवर भार कसला असतो तेही तुला ठाऊक आहे. हंगामात उसाच्या दुहेरी ट्रॉल्या. आषाढीला त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी, पैठणहून निघालेली नाथांची, दोन्ही करकंबवरून पंढरीला जातात. पालखीमागे दिंड्या, ट्रक, पाण्याचे टँकर, ॲम्ब्युलन्स. अशा दिवशी जमीन हलली तर नदीच्या दोन्ही काठांवरचे लाखो लोक पुलांवर अवलंबून असतील.

म्हणून माझं मागणं मोठं नाही. आषाढीच्या आधी आणि पावसाळा सरल्यावर प्रत्येक जॉइंटची फट मोजावी, तापमानासकट नोंदवावी. पिअर कॅप झाडून काढावी, बेअरिंग पाहावं, बैठकीची उरलेली लांबी टेपने मोजून वहीत लिहावी. सील फाटलं असेल तर सील बदलावं. रस्त्याचा नवा थर टाकताना तुझ्या दोन्ही बाजूंना थांबावं आणि तुझ्या कडा नव्या थराच्या पातळीवर उचलाव्यात. जिल्ह्यात कुठेतरी जाड पोलादी पत्रे तयार ठेवावेत, म्हणजे तू तुटलास तरी ते फटीवर टाकून तासाभरात ॲम्ब्युलन्स पलीकडे जाईल. यातल्या कशालाही परदेशी तंत्रज्ञ लागत नाही. तपासणीला तर शिडी, टेप, खराटा आणि एक जबाबदार माणूस पुरतो.

आणि गावकऱ्यांनाही एक सांगणं. पुढच्या वेळी पुलावर ‘खड्डा’ बुजवायला गाडी येईल तेव्हा टाळ्या पिटण्याआधी मुकादमाला एवढंच विचारा: इथली फट किती होती आणि तुम्ही किती ठेवताय? उत्तर मिलिमीटरमध्ये आलं तरच काम सुरू करू द्या.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
एक करकंबकर