वारस, वाटणी आणि ८४३ चा तह

१/ ‘क्रुसेडर किंग्ज ३’ या खेळात राज्य जिंकण्यापेक्षा ते पुढच्या पिढीत अखंड पोहोचवणे अवघड असते. आजचा धागा त्या खेळाविषयी, एका फ्रँक सम्राटाविषयी आणि थोडा माझ्या घराविषयी.

२/ मी बहुधा इ. स. ८६७ पासून डाव मांडतो. तेव्हा बहुतेक राजघराण्यांत वाटणीचा कायदा असतो. राजा मरण पावला की त्याचा मुलूख मुलग्यांत विभागला जातो. मुलगे असतील तर मुलींना काही नाही. सारे काही ज्येष्ठाला देणारा कायदा फार उशिरा हाती येतो.

३/ म्हणून खेळाडू युक्त्या शोधतात. एखाद्या मुलाला मठात धाडायचे किंवा त्याचा वारसाहक्कच काढून घ्यायचा. त्याची किंमत घराण्याच्या कीर्तीतून वजा होते, एवढेच.

४/ वाटण्या करणारे ते राजे मला अदूरदर्शी वाटत. मग शार्लमेनविषयी वाचले. ८०६ मध्ये त्यानेही तीन मुलांत साम्राज्याची वाटणी ठरवली होती. त्यांतले दोघे ८१० आणि ८११ मध्ये वारले. ८१४ मध्ये तो गेला, तेव्हा तिघांपैकी लुई एकटाच उरला होता. साम्राज्य अखंड राहिले ते धोरणामुळे नव्हे, मृत्यूमुळे.

५/ या लुईने ८१७ मध्ये वेगळी व्यवस्था केली. थोरला लोथार सहसम्राट. धाकटे पेपिन आणि लुई त्याच्या अधीन राजे. कसलेला खेळाडू हेच करील. परंतु ८२३ मध्ये दुसरी पत्नी ज्युडिथ हिला चार्ल्स झाला आणि त्याला वाटा देण्यासाठी सम्राटाने ठरलेली वाटणी मोडायला घेतली.

६/ ८३० मध्ये थोरल्या मुलांनी बंड केले. ८३३ मध्ये कोलमारजवळ सम्राटाचे सैन्य त्याला सोडून मुलांना मिळाले. ती जागा ‘असत्याचे मैदान’ म्हणून ओळखली जाऊ लागली. तो पदच्युत झाला, पुढच्या वर्षी परतला आणि ८४० मध्ये वारला. ८४१ मध्ये फोंतनॉय येथे भाऊ भावांशी लढले. ८४३ च्या व्हर्डूनच्या तहाने साम्राज्याचे तीन तुकडे झाले. वाटणी टळली नाहीच. मध्ये रक्त मात्र सांडले.

७/ गेल्या महिन्यात एका रात्री मी खेळातल्या धाकट्या राजपुत्राचा हक्क काढून घेतला. राज्य वाचले म्हणून समाधानाने झोपलो.

८/ सकाळी आत्या आली. आमच्या वडिलोपार्जित चार एकरांचे हक्कसोडपत्र तयार होते. २००५ च्या दुरुस्तीनंतर अशा जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तिने कागद वाचला नाही. बाबांना एवढेच विचारले, “दादा, सही कुठे करू?”

९/ मी तिला एसटी स्टँडवर सोडायला गेलो. वाटेत ती म्हणाली, “बांधावरचा आंबा अजून धरतो का रे?” मला उत्तर देता आले नाही, मी कित्येक वर्षांत शेतावर गेलोच नव्हतो.

१०/ खेळात नाव गाळलेला राजपुत्र निदान बंड तरी करू शकतो. आत्या बंड करणार नाही, आणि तिच्या त्या शांततेलाच आम्ही संमती समजत आलो. दस्ताची नोंदणी अजून व्हायची आहे. या रविवारी मी बाबांशी बोलणार आहे. शार्लमेनपासून सुरुवात करीन म्हणतो.