परदेशातल्या आईबापाचं कार्ड

आमच्या गावात पहिली शाळा आली ती मिशनची. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणं दिलं आणि तिथून नेवासे, राहुरीकडच्या खेड्यांत, बहुतेक महारवाड्या-मांगवाड्याच्या कडेला, एकशिक्षकी शाळा काढल्या. सावित्रीबाई फुले शिकवायचं शिक्षण घ्यायला नगरला ज्यांच्याकडे गेल्या, त्या फरारबाई ह्याच मिशनच्या. हे मला फार उशिरा कळलं.

शाळा म्हणजे धाब्याची एक खोली. मास्तर सहा दिवस पाढे घ्यायचे आणि रविवारी तिथंच उपासना. आम्ही सात-आठ मराठ्यांची पोरं तिथं चौथीपर्यंत शिकलो. घरचे कुरकुरायचे, पण दुसरी शाळा दोन कोसांवर. बाटवायला शाळा काढली असं आजही लोक म्हणतात. आमच्यातलं एकही पोर बाटलं नाही, वाचायला मात्र सगळी शिकली.

माझ्या शेजारी बसणारा सोबती महारवाड्यातला, ख्रिस्ती. चौथीनंतर तो मिशनच्या बोर्डिंगात गेला. त्याचा खर्च परदेशातलं एक जोडपं करायचं. नाताळाला त्यांचं कार्ड यायचं. त्यात घर, कुत्रं आणि सगळीकडं बर्फ. त्याची आजी ते कार्ड डोळ्यांजवळ धरून म्हणायची, "आरं, एवढा कापूस वाळत घातलाय व्हय ह्यांनी?"

उत्तर पोरांनी लिहायचं, म्हणजे सरांनी फळ्यावर इंग्रजीत लिहिलेलं उतरवायचं. मी मजेत आहे, तुमच्यासाठी प्रार्थना करतो. एकदा ह्याला आमचा बैल मेला हे लिहायचं होतं. सर म्हणाले, "असलं रडगाणं तिकडं कळवायचं नसतं."

१९७२ चा दुष्काळ पडला तवा तो आठवीत. बोर्डिंगातून पोस्टकार्ड आलं, की मदत बंद झाली आहे, पुढल्या सहामाहीपासून खर्च घरून भरावा. कारण काही लिहिलं नव्हतं. त्याचा बाप सरकारी सवलत मिळते का बघायला तालुक्याला हेलपाटे घालून आला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेला महार अनुसूचित जातीत धरत नाहीत. "देव बदलला म्हून कारकून म्हणतो जात गेली," तो माझ्या बाला म्हणाला. "मंग गावाला सांगा की, पाणवठ्यावर येऊ द्या मला." बा काही बोलला नाही. आमची विहीर होती, तरी बोलला नाही.

सोबती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला लागला. सुट्टीत मीही त्याच कामावर होतो. दुपारच्या सुट्टीत तो एकदा म्हणाला, "त्यांचा पत्ता हाय माझ्याकडं. लिहू का?"

आम्ही दोघांनी पैसे जमवून पोस्टातून निळं विमानपत्र आणलं. फळा नव्हता, सर नव्हते. त्यानं लिहिलं: आई-वडील, बैल मेला. पाऊस नाही. मी खडी फोडतो. माझं काही चुकलं असेल तर कळवा, मी सुधारीन. पत्ता मी कार्डावरून एकेक अक्षर बघून उतरवला.

उत्तर आलं नाही. पत्र मराठीत होतं. पुढं तो ट्रकवर क्लीनर म्हणून गेला, मग ड्रायव्हर झाला. शाळेत परत गेला नाही.